नटांचीं घराणीं आणि आपलीं घरें

अलीकडे आपल्या घरांतील मुलांच्या तोंडीं जे परकी शब्द रुळले आहेत, त्यांत ‘नेपोटिझम’ या शब्दाला मानाचें स्थान आहे. २०१७ सालीं कंगना राणावत या नटीनें करण जोहर या निर्मात्याच्याच कार्यक्रमांत, त्याच्या समोर बसून, त्याजवर घराणेशाहीचा उघड आरोप केला, तेव्हांपासून हा शब्द वर्तमानपत्रांतून फिरूं लागला. आणि १४ जून २०२० रोजीं सुशांतसिंह राजपूत या तरुण नटाचा मुंबईंत शोकान्त झाल्यावर तर तो घरोघर शिरला. त्या वर्षीं टाळेबंदीमुळें सारीं कुटुंबें घरांतच कोंडलेलीं होतीं, टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असे, आणि ज्यांनीं त्या नटाचा एकहि चित्रपट पाहिला नव्हता असे आजोबासुद्धां त्याच्या मृत्यूविषयीं हिरिरीनें मत देत. पुढें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉक्टरांच्या मंडळानें खुनाची शक्यता नाकारली, आणि मार्च २०२५ मध्यें सीबीआयनें तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयांत सादर केला. मधल्या पांच वर्षांत ज्यांचीं नांवें चव्हाट्यावर धुतलीं गेलीं, त्यांच्या अब्रूचें काय, हा प्रश्न त्या हिरिरीच्या आजोबांपैकीं कोणी पुन्हां काढलेला आमच्या ऐकिवांत नाहीं.

एवढा कोलाहल ज्या शब्दावरून झाला, तो शब्द तरी कोठला? आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें शब्दाचें मूळ पाहिल्यावांचून आम्हांला पुढें जातां येत नाहीं, ही खोड वाचकांनीं क्षम्य मानावी. लॅटिन भाषेंत ‘नेपोस्’ म्हणजे नातू, आणि पुढें पुतण्या-भाचाहि. आपल्या वैदिक भाषेंतील ‘नपात्’ आणि ‘नप्तृ’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. आणि या ‘नप्तृ’पासूनच प्राकृताच्या वाटेनें आपला मराठी ‘नातू’ आला आहे. म्हणजे ज्या शब्दानें आपला नातू चित्रपटवाल्यांचा उद्धार करतो, त्याच शब्दांत तो स्वतः दडून बसला आहे! रोमचे पोप ब्रह्मचारी. तेव्हां ते आपल्या पुतण्या-भाच्यांनाच कार्डिनलचीं पदें आणि जहागिरी देत. अखेर बाराव्या इनोसंट नांवाच्या पोपनें १६९२ सालीं फर्मान काढून या प्रथेला आळा घातला. ज्यानें आपल्या पेशवाईचा इतिहास वाचला आहे, त्याला या बोधासाठीं रोमपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

आमच्याकडे तर नाट्याचा जन्मच घराण्यांत झाला. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत कथा आहे कीं, ब्रह्मदेवानें चारी वेदांतून सार काढून नाट्यवेद निर्माण केला आणि तो भरतमुनींच्या स्वाधीन केला. भरतानें तो कोणाला शिकविला? आपल्या शंभर पुत्रांना. त्या पुत्रांची नामावळीच तेथें दिली आहे. जगांतील ही पहिली नाटकमंडळी सर्वस्वीं घरची. बाहेरचें कोणी असेल तर त्या अप्सरा, आणि त्याहि कैशिकी वृत्तीचें लालित्य पुरुषांना साधेना म्हणून मागाहून आणल्या गेल्या. त्याच ग्रंथाच्या शेवटीं काय घडतें, तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. भरतपुत्रांना आपल्या विद्येचा मद चढतो, ते ऋषींचीं विडंबनें करूं लागतात, आणि ऋषींच्या शापानें समाजांतील त्यांची पायरी उतरते. ग्रंथाच्या एका टोकाला घराणें आणि दुसऱ्या टोकाला कीर्तीचा मद.

कालिदासाची गोष्ट याहून गंमतीची आहे. ‘मालविकाग्निमित्र’ हें नाटक तो लिहितो, तेव्हां तो नवखा आहे. आणि प्रस्तावनेंत सूत्रधाराचा साहाय्यकच विचारतो कीं, भास, सौमिल्ल, कविपुत्र असे नामवंत सोडून या हयात कवीचें नाटक कां करावयाचें? नवख्याला दार उघडत नाहीं, ही तक्रार इतकी जुनी आहे. त्याच नाटकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं कलह लागतो, आणि निवाडा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून करावा असें ठरतें. वरकरणीं किती न्याय्य! पण ही सारी स्पर्धा विदूषकानें घडवून आणलेली असते, तीहि राजाला मालविका डोळे भरून पाहतां यावी म्हणून. आज टीव्हीवर ज्या ‘टॅलेंट’च्या स्पर्धा चालतात, त्या पाहतांना आम्हांला या विदूषकाची आठवण होते.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्यांत रोहिदासाची भूमिका करणारा मुलगा भालचंद्र हा दादासाहेबांचाच चिरंजीव. पुढें १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्यें बाळकृष्ण झाली ती त्यांची कन्या मंदाकिनी. आजच्या भाषेंत बोलावयाचें, तर आपल्या चित्रपटाचा पहिला बालनट हाच पहिला ‘नेपो किड’! पण त्या वेळची स्थिति काय होती? तारामतीसाठीं स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडें नेसवावें लागलें. आणि पडद्यावर मरण पावणाऱ्या रोहिदासासाठीं परक्याचा मुलगा मागावा, तर कोणते आईबाप देतील? सरस्वतीबाईंनीं दागिने मोडावयास दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, रात्रीं अंधारांत बसून फिल्मला छिद्रें पाडलीं, आणि त्याच घरांतला मुलगा कॅमेऱ्यासमोर उभा केला. सिंहासन असेल तर घराणेशाही. येथें सिंहासन नव्हतें, कर्ज होतें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं दादासाहेब नाशकास वारले, तेव्हां ज्या धंद्याला त्यांनीं जन्म दिला तो धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नांवाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

१९१३ च्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची अल्पवयी कन्या कमलाबाई यांनीं भूमिका केल्या. पडद्यावर आलेल्या या पहिल्या हिंदी स्त्रिया. दुर्गाबाईंना या धाडसाबद्दल आपल्याच समाजानें वाळीत टाकलें. वाचकांनीं हें वाक्य सावकाश वाचावें, कारण तो समाज म्हणजे आपले पणजोबा. कमलाबाई गोखले पुढें नटी म्हणून नामांकित झाल्या. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले यांनीं सात दशकें रंगभूमि व पडदा गाजविला, आणि आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून अपंग जवानांसाठीं देणग्या दिल्या. नातू विक्रम गोखले २०२२ मध्यें निवर्तले. चार पिढ्या एकच व्यवसाय. याला आपण आज कौतुकानें ‘घराणें’ म्हणतों. परंतु ज्यांना इतरांनीं आपल्या पंक्तीला घेतलें नाहीं, लग्नकार्यांत बोलाविलें नाहीं, त्यांच्या मुलांना दुसरा कोणता धंदा मोकळा होता? तमाशाच्या फडांतून, कलावंतिणींच्या घरांतून हाच न्याय शतकानुशतकें चालला. दारें आपण बाहेरून लावून घेतलीं. आणि आंतल्यांनीं आंतल्या आंत संसार थाटल्यावर, आंत पैसा खेळूं लागल्यावर, आतां आपण म्हणतों कीं हे लोक बाहेरच्यांना आंत घेत नाहींत!

कोल्हापुराकडे पाहिलें तर आप्तसंबंधांचें जाळें अधिकच दाट दिसतें. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे सख्खे भाऊ, मास्टर विनायक हे त्यांचे सावत्र बंधु, व्ही. शांताराम हे मावसभाऊ, आणि पुढच्या पिढींतील नंदा ही मास्टर विनायकांची कन्या. एवढें गोत्र एकत्र आलेलें असतांहि १९२९ सालीं स्थापन झालेल्या ‘प्रभात’नें ‘संत तुकारामां’ची आवली म्हणून जिला उभी केली, ती गौरी स्टुडिओंतल्या हलक्या कामांतून वर आलेली स्त्री होती. १९३७ सालीं व्हेनिसला ज्या चित्राचा गौरव झाला, त्यांतील सर्वांत जिवंत भूमिका तिची होय, असें आमचें मत आहे. नातें आणि पारख हीं दोन्हीं एका छपराखालीं नांदूं शकतात.

कीर्तीचें वेड म्हणजे काय, तें पाहावयाचें असेल तर मात्र बालगंधर्वांकडेच गेलें पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस यांचें संगीताचें प्राथमिक शिक्षण आपल्या जळगांवांत मेहबूबखाँ यांच्याजवळ झालें. खानदेशाला त्यांचा एवढा अभिमान कीं जळगांवच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेंच नांव दिलेलें आहे. १९०५ मध्यें ते किर्लोस्कर मंडळींत गेले, १९१३ मध्यें गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षें महाराष्ट्रांतील कुलीन स्त्रियांनीं लुगडें कसें नेसावें, केसांत फूल कोठें माळावें, हें एक पुरुष ठरवीत होता. आज एखाद्या नटीचा विमानतळावरील पोशाख पाहून मुली तसाच मागवितात, म्हणून आपण कपाळावर आठ्या घालतों. पण आपल्या पणजीच्या ट्रंकेंतला फोटो एकदां काढून पाहावा. ती गंधर्वांसारखी बसलेली दिसेल.

१२ मार्च १९११ हा दिवस मुंबईंत ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचा. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाहीं. ते भामिनी होऊन उभे राहिले. ही कथा आपण मुलांना कर्तव्यनिष्ठा म्हणून सांगतों, आणि ती निष्ठा खरीच आहे. पण त्या कथेंत प्रेक्षकहि आहे. ज्याचें मूल घरांत गेलें आहे, त्यानें रात्रीं शृंगारपर पदें गावीं, आणि आपण त्याला ‘वन्स मोअर’ द्यावा, ही अपेक्षा ज्या नात्यांतून निर्माण होते, तेंच नातें आज लक्षावधि माणसें एका परक्या माणसाशीं जोडून बसलीं आहेत. मोबदला म्हणून नटाला देवत्व मिळतें. आणि देवानें थकावयाचें नसतें, म्हातारें व्हावयाचें नसतें. बालगंधर्व साठीच्या घरांत आल्यावरहि लोक त्यांना लुगड्यांतच पाहूं इच्छीत. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रांत ते एकनाथ झाले, पुरुषवेषांत. लोकांना तें रुचलें नाहीं. खऱ्या अत्तरांचा आणि उंची गालिच्यांचा खर्च, कर्ज, ओसरलेला आवाज, अखेरच्या वर्षांतील परावलंबन, आणि १५ जुलै १९६७ रोजीं पुण्यांत मृत्यु. १९६४ सालीं पद्मभूषण मिळालें होतें. मखमलीचा पडदा पुन्हां उघडला नाहीं. त्यांच्या मागें त्यांच्या गादीवर बसणारा नातू-पणतू कोणी नव्हता. गायकी मात्र ज्यांनीं कान देऊन ऐकली, त्या परक्यांनींच जिवंत ठेविली.

आतां एका तालुक्याची गोष्ट सांगावयाची आहे, आणि खरें पाहतां तिच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. तापीच्या कांठीं शिरपूर तालुक्यांत थाळनेर म्हणून गांव आहे. एके काळीं फारुकी सुलतानांची राजधानी. आज नदीकांठच्या पडक्या गढीवरून आणि जुन्या घुमटांवरून ओळखावें लागतें. या थाळनेरच्या हरिदास लाड या सधन गुजराती गृहस्थांची कन्या नर्मदा मास्टर दीनानाथ यांना दिली होती. तिच्या मृत्यूनंतर धाकटी बहीण शेवंती हिच्याशीं १९२७ मध्यें त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढें माई मंगेशकर. लताबाईंना गुजराती गरबे शिकविले ते या खानदेशी आजोळच्या आजीनें.

दीनानाथांपाशीं वारसा म्हणावा असें काय होतें? ते गोमंतकांतील मंगेशीच्या कलावंत घराण्यांतील येसूबाईंचे पुत्र. बापाचें आडनांव त्यांच्या वांट्याला आलें नाहीं, म्हणून गांवाचें नांव लावलें. ज्याला नांवसुद्धां वारशानें मिळालें नाहीं, त्याचें नांव आज सर्वांत मोठ्या घराण्याचें नांव म्हणून घेतलें जातें, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. १९१८ मध्यें त्यांनीं बलवंत संगीत मंडळी काढली. बोलपट आल्यावर नाटकाचा धंदा बसला, स्वतः चित्रपट काढूं गेले त्यांत खोट आली, आणि २४ एप्रिल १९४२ रोजीं ते पुण्यांत वारले. वय अवघें एकेचाळीस. मागें पत्नी व पांच मुलें. थोरली तेरा वर्षांचीहि पुरती नव्हती. मास्टर विनायकांनीं हात दिला, आणि त्याच वर्षीं ‘पहिली मंगळागौर’ या चित्रांत ती मुलगी तोंडाला रंग लावून उभी राहिली. अभिनय तिला मनापासून आवडत नसे. घर चालवावयाचें होतें.

ही घराणेशाही होती काय? मास्टर विनायकांनीं दार उघडलें तें दीनानाथांची मुलगी म्हणून, हें कबूल केलें पाहिजे. पण पुढें मुंबईंत शशधर मुकर्जी यांनीं तिचा आवाज फार बारीक म्हणून नाकारला, तेव्हां बापाचें नांव उपयोगी पडलें नाहीं. गुलाम हैदर या परक्या, परधर्मी संगीतकारानें तिची बाजू घेतली. आणि १९४९ च्या ‘महल’ चित्रांतील जें गीत देशभर दुमदुमलें, त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गाणारणीचें नांव होतें ‘कामिनी’! म्हणजे चित्रांतल्या पात्राचें. गाणाऱ्याला नांवच नव्हतें. पुढें गायकांना तबकड्यांच्या विक्रींत हिस्सा मिळावा म्हणून त्या भांडल्या, त्या वादांत महंमद रफींशीं कांहीं वर्षें अबोलाहि धरला. कीर्ति म्हणजे केवळ मिरवणूक नव्हे, तो एक हिशेबाचा कागद आहे, हें या बाईंनीं फार लौकर ओळखलें होतें.

त्यांच्या भरभराटीच्या काळीं, मंगेशकर भगिनींमुळें इतर गायिकांना वाव मिळेना, असा आक्षेप कित्येक दशकें घेतला जात असे. आमचें म्हणणें असें कीं, ज्या धंद्यांत शंभर वादकांचा ताफा तासाच्या भाड्यानें बसलेला असतो, तेथें संगीतकार पहिल्या घेतांच सूर लावणाऱ्या गळ्याकडेच जाणार. वडिलांनीं पहांटे उठवून तानपुऱ्यापाशीं बसविलें, हा खरा वारसा. तो घेण्यासाठीं घेणाऱ्यालाहि झिजावें लागतें. घर दार उघडून देईल, पण आंत गेल्यावर गावें लागतेंच. ज्या घराण्यांत तालीम उतरते तें घराणें, आणि ज्यांत केवळ दाराची किल्ली उतरते ती घराणेशाही.

आतां त्याच शिरपूर तालुक्याचा दुसरा धागा. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढें राज्याचे मंत्री झालेले शिवाजीराव गिरधर पाटील हे शिरपूरचे. त्यांची कन्या स्मिता १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुण्यांत जन्मली. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचीत असे. तेथून श्याम बेनेगल यांनीं तिला हेरलें. ‘मंथन’, ‘जैत रे जैत’, ‘भूमिका’, ‘चक्र’, ‘उंबरठा’: हीं नांवें सांगितलीं तरी पुरे. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या दोहोंसाठीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, मुलाच्या जन्मानंतर पंधरा दिवसांत, एकतिसाव्या वर्षीं ती गेली. ‘भूमिका’ हें चित्र हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवर आधारलेलें. म्हणजे कलावंत घराण्यांत जन्मून लहानपणींच पोटासाठीं स्टुडिओंत जावें लागलेल्या स्त्रीची कहाणी, चित्रसृष्टींत कोणी नातलग नसलेल्या मंत्रिकन्येनें पडद्यावर जिवंत केली. एकीला घराण्यानें ओढलें, दुसरीला कोणी अडविलें नाहीं. स्मितेला बापाच्या पदाचा कांहींच लाभ झाला नसेल, असें कोणी म्हणूं नये. मंत्र्याच्या घरांत वाढलेल्या मुलीला ‘नाहीं’ म्हणण्याचें जें धैर्य असतें, हलकी भूमिका नाकारून वाट पाहण्याची जी ऐपत असते, तीहि एक मिरासच आहे.

चित्रपटाच्या व्यवहारांत हीच मिरास सर्वांत मोठी, असें आम्हांस वाटतें. लोक समजतात कीं नटाच्या मुलाला मिळतें तें काम. काम तर मिळतेंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक चित्र पडलें तरी दुसऱ्याची वाट पाहण्याची सोय. धुळ्याहून गेलेला मुलगा अंधेरीच्या एका खोलींत चौघांबरोबर राहतो, आणि दोन वर्षांत घरून येणारे पैसे आटले कीं परत येतो. त्याची पारख होण्याआधींच त्याची मुदत संपते. निर्मात्याचा हिशेबहि निष्ठुर असतो. चित्राचा निकाल पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारांत लागावयाचा. तेव्हां चित्र लागण्यापूर्वींच ज्याचें नांव लोकांना ठाऊक, त्याच्यावर तो पैसे लावतो. नटाच्या बाळाचें बारसें होतें तेव्हांपासून छायाचित्रकार त्याच्या मागें असतात. अठराव्या वर्षीं त्याची निम्मी जाहिरात फुकट झालेली असते. आणि ती जाहिरात कोण करतें? तें छायाचित्र बोटानें थांबवून पाहणारे आपण. धंदेवाईकाला दोष देतांना हें विसरूं नये.

म्हणून ज्यांनीं हा हिशेबच उलथला, त्यांचें आम्हांस विशेष वाटतें. आग्रा रस्त्यानें धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरवर मालेगांव. तेथें व्हिडिओगृह चालविणाऱ्या नासिर शेख यांनीं यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांना घेऊन २००० सालीं ‘मालेगांव के शोले’ काढला. तोडका-मोडका कॅमेरा, सायकलीवरून घेतलेलीं दृश्यें, आणि गांवचेच नट. २००८ मध्यें त्यांच्यावर एक माहितीपट झाला, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगांव’ हा चित्रपट देशभर लागला. त्यांत नासिरची भूमिका अर्थात् मुंबईच्या नटानें केली!

आणि ‘सैराट’. २०१६ च्या एप्रिलांत तें चित्र आलें आणि उत्पन्नाचे सारे मराठी उच्चांक त्यानें मोडले. जेऊरचे नागराज मंजुळे यांचें चित्रसृष्टींत कोणी नव्हतें, आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूचेंहि कोणी नव्हतें. येथें घराणेशाहीचा पराजय झाला म्हणून आपण टाळ्या पिटल्या. पण शिक्षक या नात्यानें आमचें लक्ष दुसरीकडे गेलें. ती मुलगी त्या वेळीं शाळेंत होती. तिला पाहण्यासाठीं अशी गर्दी लोटूं लागली कीं तिला शाळेंत जाणें अशक्य झालें, आणि दहावीची परीक्षा तिनें २०१७ मध्यें बाहेरून दिली. जिला घराण्यानें नव्हे तर प्रेक्षकांनींच मोठें केलें, तिचा वर्ग त्याच प्रेक्षकांनीं हिरावून घेतला. ‘श्यामची आई’ चित्रांतील श्याम झालेले माधव वझे यांची गोष्ट येथें आठवते. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांतले. अत्र्यांनीं १९५३ मध्यें काढलेल्या त्या चित्राला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. एवढी कीर्ति लहानपणीं लाभूनहि वझे पुढें इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यसमीक्षक झाले. त्या काळीं माणसाला प्रसिद्धींतून परत येण्याचा रस्ता होता.

आतां घरांत पाहूं. धुळ्याच्या आग्रा रोडवर पांच कंदिलापर्यंत चालत गेलें तर दर दहा पावलांवर एखाद्या पुढाऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा फलक दिसतो. खालीं वीस शुभेच्छुकांचे चेहरे. शिक्षणसंस्थांचें वर्तन याहून वेगळें नाहीं. ज्या एका संस्थेशीं आमचा जवळचा संबंध आला, तेथें संस्कृताची जागा निघाली असतां परीक्षेंत पहिला आलेला उमेदवार बाजूला राहिला आणि जागा चालकांच्या पुतण्याला गेली. पुतण्याला शब्दरूपें येत नव्हतीं. पुढें तो तीं मुलांकडूनच शिकला. त्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत कोणी ‘नेपोटिझम’ शब्द उच्चारला नाहीं. उलट पेढे आले, ते सर्वांनीं खाल्ले. आपल्या एकत्र कुटुंबांत काकाच्या ओळखीनें लागलेल्या नोकरीला आपण ‘वशिला’ म्हणत नाहीं, ‘काकांनीं मनावर घेतलें’ असें म्हणतों.

याच वर्षीं देवपुरांतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. ते आमचे जुने विद्यार्थी. त्यांची मुलगी नववींत आहे, गळा खरोखर गोड आहे. मुंबईच्या कोणा संस्थेनें तिची ‘निवड’ केल्याचें कळविलें होतें, आणि छायाचित्रांचा संच, प्रशिक्षण व नोंदणी म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागितली होती. ‘सर, आपलें कोणी ओळखीचें नाहीं, म्हणून पैसे तरी भरावे लागतील ना?’ हा त्यांचा प्रश्न. या एका वाक्यांत आमच्या साऱ्या विषयाचें दुःख सांठलेलें आहे. ज्यांच्यापाशीं ओळख नाहीं, त्यांनीं ओळखीची किंमत रोख मोजावी, असा बाजारच उभा राहिला आहे. आणि घराणेशाहीच्या नांवानें जितका आक्रोश होतो, तितका या बाजाराला गिऱ्हाईक अधिक मिळतो.

त्यांना आम्हीं बसवून घेतलें आणि कायदा दाखविला. बालकामगार कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली व २०१७ सालीं नियम झाले. त्यांप्रमाणें चौदा वर्षांच्या आंतील मुलाला चित्रपटांत, मालिकेंत वा अशा कार्यक्रमांत घ्यावयाचें असेल, तर निर्मात्यानें जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून दिवसांतून पांच तासांहून अधिक काम घेतां येत नाहीं, आणि विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक नाहीं. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त कामाला जुंपतां येत नाहीं; शाळा बुडूं नये याची व्यवस्था करावी लागते; पांच मुलांमागें निदान एक जबाबदार माणूस नेमावा लागतो; आणि मुलाच्या मिळकतीचा पांचवा हिस्सा तरी राष्ट्रीयीकृत बँकेंत त्याच्या नांवें मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. मुलगी चौदा ओलांडीत असली, तरी जो माणूस या नियमांची नांवेंहि जाणत नाहीं, त्याच्या हवालीं तिला करूं नये. आणि कामाचा मोबदला ती माणसें आपल्याला देतात. आपण त्यांना द्यावयाचा नसतो, हें त्यांना दोनदां सांगितलें.

गृहस्थांनीं कागदावर सारें लिहून घेतलें. मग हळूच म्हणाले, ‘आणि तिच्या आईला काय सांगूं? तिनें तर नातेवाइकांत कळवूनहि टाकलें आहे.’ यावर आमच्यापाशीं नियमांतलें कांहीं कलम नव्हतें. धुळ्यांतच गाणें शिकविणाऱ्या एका बाईंचें नांव आम्हीं सुचविलें. त्या फी थोडी घेतात, पण पहांटे साडेपांचला बोलावितात. मुलगी जाऊं लागली आहे, असें परवां कळलें. मुंबईच्या संस्थेचे फोन अजून येतातच.